डिशवरचा कार्यक्रम थेट नॅसमध्ये साठवता येईल का?

प्रश्न : आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे. बॉक्सला पेन ड्राइव्ह लावला की सह्याद्रीवरची नाटकं, मुलाखती रेकॉर्ड होतात. पण पेन ड्राइव्ह सारखा भरतो आणि तो काढून खाली-वर नेत बसावं लागतं. मुलाने घरात नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवण, बसवलंय, फोटो आणि कागदपत्रं त्यात जातात. डिशचं रेकॉर्डिंग थेट त्यातच करता येईल का? आणखी एक शंका. शेजाऱ्यांकडे महिन्याचे पैसे भरून घेतलेली डीटीएच सेवा आहे. त्यांच्या बॉक्सने हार्ड डिस्कवर साठवलेली फाइल आमच्या संगणकावर उघडतच नाही. त्यांचं चुकतंय की आमचं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : चुकत कुणाचंच नाही. तुमचं सह्याद्रीचं रेकॉर्डिंग नॅसमध्ये जाऊ शकतं. शेजाऱ्यांचं नेऊन ठेवलंत तरी उपयोग नाही. दोन्हीमागचं कारण एकच आहे, पण ते कळायला डिशमधून घरात नेमकं काय येतं ते आधी बघायला हवं.

फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. सेवा उपग्रहापेक्षा जुनी आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटने सोडला. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशापाशी त्याची जागा आहे. म्हणून तर चिपळुणातल्या यच्चयावत फ्री डिश आग्नेयेकडे तोंड करून असतात. छत्रीसमोरचा एलएनबी ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी खाली उतरवून केबलला झेपतील अशा करतो आणि बॉक्समधला ट्यूनर त्यातून आकडे वेगळे काढतो.

या आकड्यांत तयार चित्र नसतं. १८८ बाइटची एकसारखी पाकिटं ओळीने येत असतात. प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीला एक ठरलेली खूण असते, तिच्यामागोमाग पाकिटाचा क्रमांक : हे अमुक वाहिनीचं चित्र, हा तमुक वाहिनीचा आवाज. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरवरून, म्हणजे एका प्रक्षेपकावरून, अनेक वाहिन्या अशा एकत्र कालवून पाठवलेल्या असतात. तुम्ही सह्याद्री लावलं की बॉक्स त्या क्रमांकांची पाकिटं तेवढी उचलतो, बाकीची सोडून देतो. मग उचललेल्या पाकिटांतला दाबून बसवलेला मजकूर उलगडून टीव्हीवर चित्र उमटवतो.

रेकॉर्डिंग होतं ते उलगडण्याच्या आधी. जुना व्हीसीआर तयार झालेलं चित्र फितीवर उतरवायचा, त्यामुळे प्रत मूळपेक्षा कायम मळकट निघायची. इथे बॉक्स आलेली पाकिटं जशीच्या तशी डिस्कवर ओळीने लिहून काढतो, बस. त्याला फारशी अक्कल लागत नाही की ताकद लागत नाही. म्हणूनच हजार-बाराशे रुपयांचा बॉक्सही हे काम करतो आणि प्रत मूळ प्रक्षेपणाइतकीच स्वच्छ असते.

या पद्धतीचा कोकणात विशेष उपयोग होणारा एक गुण सांगतो. मोबाइलवर चित्रित होणाऱ्या एमपी-४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली की ती लिहायची राहते आणि अख्खी फाइल उघडेनाशी होते. पाकिटांच्या या फाइलला, जिचं आडनाव बहुतेकदा ‘टीएस’ असतं, शेवटाची गरजच नाही. दुसऱ्या अंकात वीज गेली तर पहिला अंक आणि दुसऱ्याचा तेवढा भाग शाबूत राहतो.

आता शेजाऱ्यांचं. त्यांच्या सेवेतही पाकिटं अशीच येतात, पण आतला मजकूर कुलूपबंद असतो. किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. ती नवी किल्लीही प्रसारणातूनच, पुन्हा गुप्त रूपात येते आणि ज्याचे पैसे भरलेले आहेत त्याच बॉक्सला, त्यातल्या कार्डाला किंवा चिपला, ती वाचता येते. असा बॉक्स रेकॉर्डिंग करतो तेव्हा डिस्कवर जातो तो कुलूपबंद मजकूरच. काही बॉक्स तो उघडून स्वतःच्या खासगी किल्लीने पुन्हा बंद करतात आणि मगच लिहितात. दोन्ही प्रकारांत फाइल त्या एका बॉक्सशी बांधलेली राहते. बॉक्स बिघडून कंपनीने दुसरा दिला तर जुन्या डिस्कवरचं रेकॉर्डिंग त्या नव्या बॉक्सवरही सहसा लागत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हा अन्यायच आहे, असं माझं मत आहे. पण तो यंत्राचा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली रचना आहे.

शेजाऱ्यांना एक निरोप मात्र जरूर द्या. अशी डिस्क संगणकाला लावली की बऱ्याचदा विंडोज विचारतं, ‘ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करायची का?’ बॉक्सने डिस्क स्वतःच्या पद्धतीने आखलेली असते, ती विंडोजला ओळखता येत नाही म्हणून हा प्रश्न. तिथे ‘हो’ म्हणू नका. घाईघाईत ‘हो’ म्हणून वर्षभराच्या मालिका घालवलेली माणसं मला ठाऊक आहेत.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सह्याद्री खुली वाहिनी आहे, पाकिटांना कुलूप नाही, म्हणजे ती कुठेही लिहिता येतील. अडतं ते बॉक्सपाशी. साध्या फ्री डिश बॉक्सला यूएसबीचं भोक असतं. काहींना वायफायचा खडाही जोडता येतो, पण तो यूट्यूब दाखवण्यापुरता. नेटवर्कवरचा फोल्डर स्वतःची डिस्क समजून त्यात लिहिणं त्याला येत नाही. ते येणारी उपकरणं दोन जातीची आहेत.

पहिली जात म्हणजे लिनक्सवर चालणारे रिसीव्हर. जर्मनीच्या ड्रीम मल्टिमीडिया कंपनीचा ड्रीमबॉक्स हा त्यातला नामांकित, पुढे व्हीयू-प्लस वगैरे आले. यांच्यावर बहुधा एनिग्मा-२ ही प्रणाली असते. तिच्या मेनूत नॅसचा पत्ता आणि फोल्डर दिला की तो फोल्डर बॉक्सच्या आतलाच असल्यासारखा दिसू लागतो. दुसरी जात म्हणजे संगणकाला किंवा रास्पबेरी पायला जोडायचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर आणि त्यावर टीव्हीहेडएंड नावाची मोफत प्रणाली. हिला स्वतःचा पडदा नसतो. ती मागच्या खोलीत गुपचूप चालते, तुम्ही फोनवरून वेळ लावायची आणि कुठल्याही खोलीतल्या टीव्हीवर बघायचं. मुलाला संगणकाची आवड दिसतेय, तेव्हा त्याला दुसरा मार्ग भावेल. तुम्हाला रिमोटनेच सगळं करायचं असेल तर पहिला.

वेगाची चिंता करू नका. साध्या दर्जाच्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर ही सेकंदाला सुमारे दोन हजार पाकिटं झाली. तासाला १.३५ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर सातशेहून जास्त तास मावतील. एचडी ८ मेगाबिट धरली तर तासाला ३.६ जीबी. घरातली जुनाट केबलसुद्धा सेकंदाला १०० मेगाबिट वाहते, म्हणजे मार्ग रिकामाच आहे.

तरीही नॅसवरची रेकॉर्डिंग बिघडतात आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. एरवी नॅसवर फोटो चढवताना वायफाय दोन सेकंद अडकलं तर फोन थांबतो, पुन्हा पाठवतो. फोटो कुठे पळून जात नाही. उपग्रहाचं गणित नळाच्या पाण्यासारखं आहे, आलं तेव्हा हंडा खाली हवा. बॉक्सच्या स्मृतीत काही सेकंदांची पाकिटं मावतात. तेवढ्यात पुढचा मार्ग मोकळा झाला नाही तर नंतरची गेली.

समजा रात्री साडेआठला नाटक आहे. टायमरने बॉक्स जागा होतो. तो उठून नॅसला हाक मारतो. नॅसही तासाभरात कुणी फिरकलं नाही म्हणून डिस्क थांबवून झोपलेलं असतं. साडेतीन इंची डिस्कला फिरून वेग घ्यायला सात-आठ ते दहा सेकंद लागतात. नाटकाची नांदी इथे गेली. आणि हे सौम्य प्रकरण. कधी नॅस वेळेत हजरच होत नाही, किंवा दुपारी वीज जाऊन आल्यावर राउटरने त्याला नवा पत्ता दिलेला असतो. बॉक्सच्या आत मात्र त्या फोल्डरच्या नावाची रिकामी जागा असतेच. बॉक्स निमूटपणे तिथे, म्हणजे स्वतःच्या चिमुकल्या आतल्या मेमरीत लिहायला लागतो. ती काही मिनिटांत ठासून भरते, रेकॉर्डिंग बंद पडतं, आणि पुष्कळदा बॉक्सही पुढच्या वेळी धड सुरू होत नाही. घरमालक म्हणतो, बॉक्स खराब आहे.

यावरचे उपाय साधे आहेत. नॅसला राउटरमध्ये कायमचा पत्ता नेमून द्या. डिस्कची झोप बंद करा, निदान संध्याकाळपुरती. टायमर नाटकाच्या पाच मिनिटं आधी सुरू होऊ द्या आणि दहा मिनिटं उशिरा संपू द्या. वेळापत्रकातली वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ यांचं आपल्याकडे फारसं सख्य नाही. बॉक्स आणि नॅस दोन्ही केबलनेच राउटरला जोडा. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर शेजारच्या चार घरांचे राउटर बोलत असतात, तिथे भरवसा ठेवू नका.

मुलासाठी एक तांत्रिक टीप. जोडणीसाठी एसएमबी आणि एनएफएस असे दोन पर्याय दिसतील. विंडोजच्या सवयीने माणूस पहिला निवडतो. पण जुने रिसीव्हर एसएमबीची पहिलीच आवृत्ती बोलतात आणि २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यानंतर ती असुरक्षित म्हणून बहुतेक ठिकाणी बंद केलेली असते. ‘पासवर्ड बरोबर आहे तरी जोडत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. केवळ रेकॉर्डिंगसाठी ती चालू करू नका. एनएफएस घ्या, रिसीव्हरच्या दुबळ्या प्रोसेसरवर त्याचा भारही कमी पडतो.

मला विचाराल तर मी थेट नॅसमध्ये रेकॉर्डिंग करणारच नाही. बॉक्सला एक छोटी यूएसबी डिस्क कायमची लावून ठेवायची, रेकॉर्डिंग तिच्यावर करायचं आणि पहाटे तीनला फाइल आपोआप नॅसमध्ये हलवायची. लिनक्स रिसीव्हरवर हे काम चार ओळींत सांगता येतं. हलवताना नेटवर्क अडखळलं तर कॉपी पुन्हा होईल, नाटक डिस्कवर आहेच. हाताने खाली-वर करण्याचा तुमचा त्रासही जातो. चालू कार्यक्रम मध्येच थांबवून पुढे बघण्यासाठी लागणारी तात्पुरती साठवणही याच डिस्कवर ठेवा. ती दिवसभर लिहीत-पुसत असते, नॅसला त्यात कशाला गुंतवायचं?

पेन ड्राइव्ह मात्र बदला, किंवा निदान त्याची आखणी बदला. फॅट-३२ पद्धतीने आखलेल्या ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. वरच्या हिशोबाने ती मर्यादा तीन तास दहा मिनिटांच्या आसपास येते, म्हणजे बरोबर तिसरा अंक रंगात आला की. काही बॉक्स अशा वेळी दुसरी फाइल सुरू करतात, काही गप्प बसतात.

राहता राहिला पाऊस, आणि तुम्ही चिपळूणचे. ११ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. मोठे थेंब अशा लहरी शोषतात, विखुरतात. जुन्या मोठ्या छत्र्यांच्या सी-बँडला पाऊस इतका जाणवत नसे, कारण त्या लहरी दुपटीहून लांब होत्या. जोराची सर आली की पाकिटं गहाळ होतात आणि चित्रावर चौकोन उमटतात. नॅसचा यात काही संबंध नाही, आणि हे तपासता येतं : प्रत्येक पाकिटावर शून्य ते पंधरा असा फिरता आकडा असतो. सातनंतर थेट अकरा आलं तर मधली गेली, हे उघड आहे. टीव्हीहेडएंड अशा चुका मोजून दाखवतं. बाहेर मुसळधार चालू असताना चुका वाढल्या तर दोष आभाळाचा. लख्ख ऊन असूनही वाढत असतील तर केबल, एलएनबी किंवा छत्रीची दिशा बघा. दिशा मे महिन्यातच नीट करून घ्या, आणि ६० सेंटिमीटरची छत्री असेल तर ९० ची बसवा. मोठी छत्री पाऊस थांबवत नाही, पण मध्यम सरीत निभावून नेते.

प्रश्न : घरी टीव्हीवरचे कार्यक्रम असे साठवणं कायद्यात बसतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्वतः बघण्यासाठी साठवत असाल तर बसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला वेगळा हक्क दिलेला आहे, तो २५ वर्षं टिकतो. मात्र कलम ३९ म्हणतं की रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या खासगी वापरासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगने त्या हक्काचा भंग होत नाही. अमेरिकेत हाच वाद सोनीच्या बेटामॅक्स यंत्रावरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी, नंतर बघण्यासाठी घरी टेप करणं वैध ठरलं.

साठवलेलं नाटक यूट्यूबवर चढवलंत की खासगी वापर संपला, मग ते कितीही दुर्मीळ असो. आणि कुलूपबंद वाहिनीचं कुलूप फोडण्याच्या भानगडीत पडू नका. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ मध्ये हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. बाजारात किंवा इंटरनेटवर ‘सगळ्या वाहिन्या फुकट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जोडण्या याच जातीच्या असतात.

प्रश्न : जर्मनीहून परतलेल्या भाच्याने तिथला ड्रीमबॉक्स मला दिला. तो इथल्या फ्री डिशवर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालेल. डीव्हीबी हे प्रसारणाचं मानक तिथे आणि इथे एकच आहे, विजेचा दाबही २३० व्होल्टच. उपग्रह तेवढा बदलावा लागेल. यादीतून १९.२ अंश पूर्वेचा अ‍ॅस्ट्रा काढून ९३.५ अंश पूर्व निवडा, एलएनबी ‘युनिव्हर्सल’ ठेवा आणि वाहिन्या नव्याने शोधायला लावा. तुमचा एलएनबी खरोखर युनिव्हर्सल आहे का ते त्याच्यावरच छापलेलं असतं : ९.७५ आणि १०.६ असे दोन आकडे हवेत. तिथे चुकलात तर सिग्नल शंभर टक्के असूनही एकही वाहिनी सापडणार नाही.

घड्याळाचा विभाग भारताचा करायला विसरू नका. प्रसारणातून येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, स्थानिक वेळ बॉक्स स्वतः काढतो. तो बर्लिनवरच राहिला तर उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा घोळ होईल. भाच्याने त्यात तिथलं एखादं कार्ड ठेवलं असेल तर ते परत द्या, इथे त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : रेकॉर्ड केलेली टीएस फाइल संगणकावर दिसते, पण मोबाइलवर लागत नाही. रूपांतर केलं तर चित्र बिघडतं. काय करावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोबाइलवर व्हीएलसी टाका, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. फाइलच बदलायची असेल तर रूपांतर नको, फक्त वेष्टन बदला. एफएफएमपेग या मोफत साधनाला ‘कॉपी’ असा आदेश दिला की ते आतलं चित्र-आवाज न उलगडता नव्या फाइलमध्ये ठेवतं. दोन तासांचा कार्यक्रम मिनिटा-दोन मिनिटांत होतो आणि दर्जा तसूभर घटत नाही. चित्र बिघडतं ते पुन्हा दाबल्याने. हलत्या दृश्यात कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसत असतील तर तो बिघाड नाही. साध्या दर्जाचं प्रक्षेपण सम आणि विषम ओळी आळीपाळीने पाठवतं. व्हीएलसीत ‘डीइंटरलेस’ चालू केलं की रेषा जातील.

प्रश्न : एकाच वेळी दोन वाहिन्या रेकॉर्ड करता येतील का? एका केबलला स्प्लिटर लावून दुसरा बॉक्स जोडला तर दोन्हीवर नीट चित्र येत नाही.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही वाहिन्या एकाच ट्रान्सपाँडरवर असतील तर एका ट्यूनरवरही येतील, कारण पाकिटं एकत्रच आलेली असतात. एनिग्मा-२ आणि टीव्हीहेडएंड हे करतात, साधा बॉक्स सहसा करत नाही. ट्रान्सपाँडर वेगळे असतील तर दुसरा ट्यूनर लागेल.

स्प्लिटरचा घोटाळा असा आहे : बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून उभ्या लहरी हव्यात की आडव्या ते सांगतो, आणि वरची पट्टी हवी असेल तर २२ किलोहर्ट्झचा सूर सोडतो. दोन बॉक्सनी दोन वेगळे हुकूम दिले की एलएनबी एकाचाच ऐकतो, दुसऱ्याला हवं ते मिळत नाही. स्प्लिटर काढून टाका. दोन तोंडांचा, म्हणजे ‘ट्विन’ एलएनबी घ्या आणि प्रत्येक बॉक्सला छतावरून स्वतंत्र केबल आणा. केबल आरजी-६ जातीची घ्या. छतावरच्या जोडांना पाणी शिरू नये म्हणून वर टेप गुंडाळा आणि जोडाच्या आधी केबलला खालच्या बाजूने एक वळसा द्या, म्हणजे पाणी जोडाकडे न जाता वळशावरूनच खाली गळेल.